चेहऱ्याचं कुलूप आणि बाजारातली जागा

चूक माझीच होती. बरं, साधीसुधी चूक करून मी थांबले नव्हते, ती गोड बोलून चार लोकांच्या गळीही उतरवली होती. म्हणून पुढं तीच थांबवायला मी कंबर कसली तेव्हा आमचे सर म्हणाले, "अगं, तूच नाचत होतीस ना?" खरं होतं. मी नाचत होते.

आमचं ऑफिस पुंडलिकनगरात, एका पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर. दोन खोल्या, पाच माणसं, आणि गिरणी सुरू झाली की थरथरणारी टेबलं. शाळांच्या वेबसाइट, दवाखान्यांच्या नंबर लावायच्या सोयी, मंगल कार्यालयाचं बुकिंग, असली कामं आम्ही करायचो. त्यात एक दिवस सर बाजाराचं काम घेऊन आले. पाचोडच्या रस्त्यावर एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथं मोठा आठवडी बाजार भरतो. बाजारात बसायच्या जागेवरून दर आठवड्याला भांडणं, कधीकधी डोकी फुटेपर्यंत. विक्रेत्यांच्या संघटनेला मोबाइलवर चालणारं अॅप हवं होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी विक्रेत्यानं अॅपमध्ये जाऊन 'येणार' म्हणायचं, की त्याची जागा पक्की. 'येणार नाही' म्हटलं तर ती त्या दिवसापुरती दुसऱ्याला. आणि कायमची सोडायची असेल तर तीही सोय तिथंच.

म्हणजे सगळा खेळ एका गोष्टीवर आला. आत येणारा माणूस तोच आहे का, हे अॅपला कळायला हवं. दुसराच कुणी तुमच्या नावानं आत घुसला आणि 'जागा सोडली' म्हणाला, तर तुम्ही सकाळी गाठोडं घेऊन याल आणि तुमच्या जागेवर परका बसलेला असेल.

यावर मी उपाय शोधून आणला. एका मोठ्या कंपनीनं चेहरा ओळखून आत सोडणारी नवी प्रणाली काढली होती आणि ती फुकट वापरायला दिली होती. फुकट, कारण ती बीटा होती. बीटा म्हणजे चाचणीतली. बनवणारेच सांगतात, वापरून बघा, पण आमच्या भरवशावर राहू नका. त्यांच्या माहितीच्या पानावर अगदी तळाला तसं लिहिलेलंही होतं, की जाहीर सेवा यावर उभी करू नये. मी ती ओळ वाचली होती. पण आमच्या धंद्यात अशा ओळीला एसटीतल्या 'थुंकू नका' पाटीइतकीच किंमत असते. आम्ही ऑफिसात पन्नास वेळा करून पाहिलं. फोन चेहऱ्यासमोर धरायचा, डोळे मिचकवायचे, की दार उघडलं. मी त्याला चेहऱ्याचं कुलूप असं नाव दिलं आणि सरांसमोर अशी काही मिरवले, जणू ते माझ्याच आईनं घरी बनवलंय.

सर लगेच हरखले. त्यांनी पहिला चेहरा स्वतःचा नोंदवला, तोही मुख्य चालक म्हणून. म्हणजे कुणाचीही जागा हलवायचा अधिकार त्यांच्या चेहऱ्याला.

मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं काम व्हायच्या आधी फ्लेक्स छापला गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पंधरा दिवसांनंतरच्या बाजाराचा मुहूर्त, वर संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे, मध्ये हात जोडलेले आमचे सर, चेहरा चांगला परातीएवढा, आणि खाली लाल पट्टीत 'शंभर टक्के सुरक्षित'. तो बाजाराच्या तोंडाशी टांगूनही झाला.

चाचणीसाठी मी बाजारातले सहा जण निवडले होते. त्यांना नीट सांगितलं होतं, हे अजून कच्चं आहे, चुकलं तर मला सांगा, रागवू नका. त्या सहांत एक मावशी होती. तिचं कटलरीचं दुकान. म्हणजे बांगड्या, पिना, कंगवे, टिकल्या, सुया, लहान पोरींची रबरं. माल शहरातल्या शहागंजातून आणायची आणि बाजाराच्या तोंडाशी कडुलिंबाखाली पथारी मांडायची. डाव्या हाताला लसूण-मिरचीवाले चाचा, उजव्या हाताला विळे-खुरप्यांवाले लोहारदादा. बाजारातली सगळ्यात चांगली जागा तिची. येणारी प्रत्येक बाई आधी तिच्यासमोरून जायची.

"मावशी, आता तुमच्या जागेला कुणी हात लावणार नाही," असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगून बसले होते. माझी जीभ तशी सैलच.

चाचणीच्या पहिल्या बाजाराला मी सहांचे चेहरे नोंदवायला स्कुटीवरून गेले. बाकीच्या पाच जणांचं पटापट झालं. मावशीकडं आले तर ती म्हणाली, "जरा थांब ताई, घरून आणते." मला वाटलं, फोन आणायला गेली. ती आली ती टॉवेलात काहीतरी गुंडाळून. टॉवेल सोडला, तर आत काचेची फ्रेम. फेटा बांधलेला म्हातारा माणूस, कपाळावर कुंकवाचं बोट, वर चंदनाचा हार. तिनं हार बाजूला सारला, पदरानं काच पुसली आणि फ्रेम माझ्या फोनसमोर धरली.

"मावशी, हे काय?"

"तुझ्या फोनातच लिहिलंय ना, ज्याच्या नावावर जागा हाय त्याचा चेहरा दाखवा म्हणून. जागा सासऱ्याच्या नावावर हाय. त्येंना जाऊन बारा वर्षं झाली. मग आता कोणाचा दाखवू?"

मला हसू फुटलं. हसता हसता मी म्हणणार होते, अहो मावशी, फोटो चालत नाही. तेवढ्यात फोन टिंग वाजला, फोटोतला चेहरा त्यानं नोंदवूनही टाकला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'स्वागत आहे'.

माझं हसू तिथंच जिरलं. मी बाहेर पडून पुन्हा केलं. पुन्हा स्वागत. तिसऱ्यांदा केलं. बारा वर्षांपूर्वी वारलेला माणूस डोळे न मिचकवता आमच्या अॅपमध्ये ये-जा करत होता.

हे कसं झालं ते कळायला मला लिंबाखाली तासभर बसावं लागलं. ऑफिसात नेट जोरात होतं, म्हणून डोळे मिचकवायची तपासणी व्हायची. इथं रेंजची एकच काडी. रेंज कमी असली की ती चाचणीतली प्रणाली वाट बघायची, कंटाळायची आणि ती तपासणी गाळून नुसता चेहरा जुळवायची. आणि त्या गावात रेंज कमी नाही असा दिवसच उगवत नव्हता.

चाचा मिरच्या निवडता निवडता सगळं बघत होते. म्हणाले, "बेटी, फोटू तो फोटू है. आदमी थोडी है."

मावशीच्या मात्र लगेच ध्यानात आलं. फ्रेम पुन्हा टॉवेलात गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "म्हंजे माझी जागा कोणीबी फोटू दाखवून घेईल?"

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"ताई, त्यो मोबाइलची कव्हरं इकणारा टेम्पोवाला लई दिवस टपून बसलाय ह्या जागेवर. सासऱ्याचा फोटू गावात दहा घरी हाय. लग्नाच्या अल्बमात हाय, सप्त्याच्या पत्रिकेत हाय. ह्ये सुरू करू नको बाई. माझं पोट हाय इथं."

गाडी चालवत परत येताना मला स्वतःचाच इतका राग आला होता, की दोन गतिरोधक मी न बघताच उडवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे असं जाहीर करायचं नाही. सरांनी आधी तो 'तूच नाचत होतीस' वाला टोला मारला. मग समजावणीच्या सुरात आले. "टेन्शन काहून घेतेस? सगळंच सुरुवातीला कच्चं असतं. लोकांत सोडल्याशिवाय पक्कं होतं का? फोटोचं तुला तरी कुठं कळलं? बाजारात गेलीस तेव्हाच ना?"

यातलं अर्धं खरं होतं, आणि तेच मला जास्त लागलं. ऑफिसात बसून मी जन्मभर डोळे मिचकवले असते तरी मला त्या म्हाताऱ्या बाबांचा पत्ता लागला नसता. मी म्हटलं, "सर, लोकांत सोडायलाच हवं. पण सहा लोकांत, त्यांना सांगून. त्या सहांना माहीत होतं, की आपण तपासतोय. अख्ख्या बाजाराला तसं सांगणार आहात का? फ्लेक्सवर तर तुम्ही शंभर टक्के लिहिलंय."

"मग एक सूचना टाकू. कृपया फोटो वापरू नये."

"चोरांसाठी?"

सर ऐकेनात. फ्लेक्स लागला होता, पाहुणे ठरले होते, मांडववाल्याला सांगून झालं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर मांडव होता आणि माझ्या डोळ्यांसमोर टॉवेलातली फ्रेम. पाच दिवस आमची धुसफूस चालली. बाकीचे तिघं खाली मान घालून काम करत होते आणि गिरणी आम्हा सगळ्यांना हलवत होती. नोकरी सोडायची वेळ आली तर घरी काय सांगायचं, इथपर्यंत माझी तयारी झाली होती.

सहाव्या दिवशी मला सुचलं. आणि सुचलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच खदखदून हसले.

"सर, चला, एकदा बाजाराची जागा बघून येऊ. मांडव कुठं घालायचा ते ठरवू," मी म्हटलं. मांडवाचं नाव काढल्यावर सर तयारच होते. त्यांच्या गाडीतून गेलो. बाजाराचा दिवस नव्हता, मैदान मोकळं होतं, पण चाचा आणि लोहारदादा तिथलेच, लिंबाखाली बोलत बसले होते. मावशीही पाणी भरून परत चालली होती. मी सरांना थेट बाजाराच्या तोंडाशी नेलं, फ्लेक्सखाली.

"तुमचा फोटो छान आलाय," मी म्हटलं.

"तू मुद्दाम बोलू राहिली," सर म्हणाले, पण खूश झाले.

मी माझा फोन काढला, हात वर केला आणि सरांच्या त्या परातीएवढ्या, हात जोडलेल्या चेहऱ्यासमोर धरला. रेंजची एक काडी. फोन जरा विचारात पडला. मग टिंग.

'स्वागत आहे.' त्याखाली सरांचं नाव, आणि त्याखाली 'मुख्य चालक'.

मी फोन सरांच्या हातात दिला. पडद्यावर बाजारातल्या सगळ्या जागांची यादी होती आणि प्रत्येक जागेसमोर एक बटण, 'जागा काढून घ्या'. "सर, तुमच्याच चेहऱ्यानं तुमचीच परवानगी मिळालीय. सांगा, कोणाची जागा काढू? मावशीची काढू? की चाचांची? रस्त्यानं येणाराजाणारा कुणीही हे करू शकतो. फक्त मान वर करायची."

सरांनी एकदा फोनकडं पाहिलं, एकदा फ्लेक्सकडं. असा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. चाचा पुढं आले, फ्लेक्सकडं बघत म्हणाले, "साहब, आप तो ऊपर भी हो और नीचे भी. चाबी किसके पास है?"

लोहारदादांनी आधी हसू दाबलं, मग सोडून दिलं. मावशी घागर डोक्यावर घेऊन उभी होती, ती हसली तशी घागरीतलं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं. आणि शेवटी सरही हसले. माणूस खरा मोठा तेव्हा वाटला मला. ते म्हणाले, "हाव बाई, जिंकलीस. आता पुढचं बोल. मुहूर्ताला किती दिवस राहिले?"

आठ दिवस होते. त्या क्षणी मला आठ वर्षं मिळाल्यासारखं झालं.

मी तिथंच लिंबाखाली बसले आणि चाचांना विचारलं, "चाचा, अॅप नव्हतं तेव्हा कसं करायचे? मावशी एखाद्या बाजाराला आली नाही तर?"

"हम बोरा डालते उसकी जगा पे. बोरा पडा मतलब जगा उसकी."

"आणि पोतं टाकलेलं असूनही कुणी येऊन म्हणालं, ही जागा मला द्या, तर?"

याचं उत्तर लोहारदादांनी दिलं. "तर दोन्ही अंगच्या शेजाऱ्याला इचारायचं. दोघं व्हय म्हणले तर व्हय. एक जरी नाय म्हणला तर नाय. शेजाऱ्याइतकं कोण वळखतं माणसाला?"

इतकं साधं होतं ते. मी चेहरा ओळखणारं यंत्र शोधत कुठल्या कुठं गेले होते, आणि इथं लोक पिढ्यान् पिढ्या एकमेकांना ओळखत बसले होते. त्या आठ दिवसांत मी तेच बांधलं. आत यायला चार आकडी नंबर, जो विक्रेत्यानं बाजारात समोरासमोर येऊन ठेवायचा. आणि जागा सोडायची, बदलायची किंवा नाव बदलायचं असेल तर दोन्ही शेजाऱ्यांच्या फोनवर विचारणा जाणार. दोघांनी हो म्हटलं तरच पुढं. मुख्य चालकालासुद्धा शेजारी चुकले नाहीत. यात नवं असं काही नव्हतं. सगळं जुनं, पारखून घेतलेलं, आणि म्हणूनच मला छातीठोकपणे सांगता येत होतं.

चेहऱ्याचं कुलूप मी फेकून दिलं नाही. ते त्या सहा जणांपुरतं ठेवलं, नुसत्या चाचणीसाठी, जागेशी त्याचा संबंध तोडून. बनवणाऱ्या कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं, फ्रेमचं आणि फ्लेक्सचं सगळं वर्णन करून. त्यांचं उत्तर आलं, की हे त्यांना आजवर कुणीच कळवलं नव्हतं, ते दुरुस्ती करत आहेत आणि माझे आभार. ते पत्र सरांनी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. कच्ची वस्तू वापरावी का, असं आता मला कुणी नवशिकं विचारतं तेव्हा मी सांगते, खुशाल वापर, पण ज्याचं नुकसान होणार त्याला आधी विचार. आणि त्याचं पोट त्या वस्तूवर टांगू नको.

मुहूर्ताच्या दिवशी बाजार फुलला होता. 'शंभर टक्के सुरक्षित' या पट्टीवर सरांनी स्वतः पांढरा कागद चिकटवला होता. पाहुणे बोलले, नारळ फुटला, आणि मी लिंबाजवळ टेबल टाकून नंबर ठेवून द्यायला बसले. रांग लागली.

तासाभरातच कव्हरवाल्यानं आपला डाव टाकला. संघटनेच्या वहीत लिंबाखालची जागा मयत माणसाच्या नावावर आहे, म्हणजे ती मोकळी आहे, ती मला मिळावी, अशी मागणी त्यानं अॅपमधून केली. वहीप्रमाणं बघितलं तर त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. चेहऱ्याचं कुलूप असतं तर त्याला मागणीही करावी लागली नसती, एक लग्नाचा अल्बम पुरला असता.

चाचांचा फोन वाजला. लोहारदादांचाही. चाचांनी चष्मा चढवला, पडदा वाचला, आणि बोट असं दाबलं, की फोनची काच तडकते की काय असं वाटलं. नाही. लोहारदादांनी हातातला विळा खाली ठेवला. त्यांचंही नाही. मागणी तिथल्या तिथं बाद झाली. कव्हरवाला सरांकडं गेला. सर म्हणाले, "भाऊ, माझ्या हातात काहीच नाही. मला सुद्धा शेजाऱ्यांना विचारावं लागतं." आणि हे सांगताना त्यांची कॉलर ताठ होती.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण मयताच्या नावाचं खुसपट आज मिटलं तरी उद्या कुणी पुन्हा काढणार, हेही दिसत होतं. मी मावशीला टेबलापाशी बोलावलं.

"मावशी, ही जागा तुमच्या नावावर करायची का?"

"माझ्या?" ती म्हणाली. "बाईच्या नावावर कुठं असती जागा? आमच्यात माणसाचंच नाव लावत्यात. मालक नाय तर पोरगा."

"इथं बारा वर्षं कोण बसतंय?"

"बसते मीच."

"मग शेजाऱ्यांना विचारू."

मी विचारणा टाकली. चाचांनी बसल्या जागेवरून हात वर केला आणि बटण दाबलं. लोहारदादांनी दाबलं. हो, आणि हो. पडद्यावर नावाची रिकामी चौकट उघडली. मी म्हटलं, "सांगा नाव."

मावशीनं सवयीनं सासऱ्याचं नाव सुरू केलं आणि मध्येच थांबली. मागं रांग होती, आजूबाजूला अर्धा बाजार. ती सगळी माणसं तिला अमक्याची सून, कटलरीवाली, नाहीतर लिंबाखालची बाई म्हणायची. तिनं पदर खोचला आणि स्वतःचं नाव घेतलं. आधी पुटपुटली. मग चाचा म्हणाले, "जोर से," तशी ती पुन्हा बोलली, आणि यावेळी ते पार भाजीच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

माझे डोळे भरून आले आणि बोटं चुकीच्या अक्षरांवर पडायला लागली. रांगेतल्या एका केरसुणीवाल्या बाईनं मागच्या बाईला कोपरानं ढोसलं, "आपलंबी करून घेऊ गं." मावशीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्या थांबलेल्या बोटांकडं.

"रडती काय," ती मला म्हणाली, "लिही की लवकर. गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."